एकाच रहाटाचे पाणी

जगातल्या सगळ्या माणसांत मन एकच आहे, आणि ज्याला आपण 'माझे मन' म्हणतो तो निव्वळ गैरसमज आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा मी दिवेआगरला असताना पाहिला. पुरावा दुपारच्या जेवणानंतर मिळत असे. ज्यांना तो मिळे ते गृहस्थ त्या वेळी झोपलेले असत, एवढीच त्यात उणीव होती.

गाव त्यांना नाना म्हणे. पहिले महायुद्ध संपून काही वर्षे झाली होती आणि मी संस्थानच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून नव्याने गेलो होतो. दिघीला आगबोटीतून उतरून बैलगाडीने गावात पोचलो, तेव्हा नाना ओटीवर बसले होते. मी नमस्कार करून खोलीविषयी विचारणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"सांगू नका," ते म्हणाले. "कळलं."

त्यांना काय कळले होते ते मला कळले नाही. मी ट्रंक घेऊन तसाच उभा राहिलो. शेवटी आतून नानांच्या पत्नी, काकू, आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पडवीतली खोली झाडून ठेवलीय. यांची वाट बघत बसलात तर इथेच रात्र होईल."

पुढची काही वर्षे मी त्या पडवीत काढली.

नानांचे म्हणणे थोडक्यात सांगता येण्यासारखे होते, पण ते स्वतः ते कधीच पुरते सांगत नसत. वाक्य अर्ध्यावर आणून ते थांबत, समोरच्याकडे प्रेमाने बघत आणि म्हणत, "पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे." ऐकणारा मान हलवी. गावातले बरेच लोक अशा रीतीने नानांशी पूर्णपणे सहमत झाले होते.

एकदाच त्यांनी मला सगळे उलगडून सांगितले. आम्ही वाडीत उभे होतो. दिवेआगरच्या वाड्या लांबट आणि अरुंद. पुढे रस्त्यावर घर, मागे नारळ-पोफळींची दाटी, आणि ती संपते तिथे केवडा, वाळू, समुद्र. आत शिरले की उन्हाचे पाणी होते. हिरवट, थंड, हलणारे. अंगावर सावल्या सरकत राहतात आणि आपण नेमके कुठे संपतो आणि वाडी कुठे सुरू होते, याचा अंदाज येईनासा होतो. पाट सोडलेला होता. पाणी या पोफळीच्या आळ्यात शिरून गोल फिरायचे, भरायचे, मग पुढच्या आळ्याकडे वळायचे.

"बघा," नाना म्हणाले. "प्रत्येक पोफळीला वाटतं, आळ्यातलं पाणी आपलं. आपण किती विचारी, आपण किती दुःखी. पाणी रहाटाचं आहे हो! इथे जरा थांबलंय इतकंच."

मी त्या काळी बरेच वाचत असे आणि त्यामुळे कशावरच चटकन विश्वास ठेवत नसे. पण तिथे त्या सावलीत पाण्याचा आवाज ऐकत उभा असताना हे मला खरे वाटले. जेवणानंतर माणसाला बरेच काही खरे वाटते.

हे तत्त्व नाना नुसते बोलत नसत, आचरत असत. ते लोकांच्या घरी न बोलावता जात, ओटीवर बसत, एक अक्षर न बोलता घटकाभराने उठत आणि छान गप्पा झाल्या अशा समाधानाने परत येत. काकूंनी एकादशी केली की ती त्यांचीही होत असे. म्हणून त्या दिवशी ते पोटभर जेवत. काकूंनी एकदा ताट वाढताना विचारले, "मग आज तुमच्या वाटची झोप मी काढू का? भांडी तुम्ही घासा." नानांनी यावर डोळे मिटून विचार केला आणि मग तसेच झोपी गेले.

माझी दाढ दुखत होती तेव्हाची गोष्ट. नाना पडवीत आले, माझ्या शेजारी बसले आणि कण्हू लागले.

"आपली दाढ फारच दुखतेय," ते म्हणाले.

"दाढ माझी आहे, नाना."

"इथेच तुमचं चुकतं."

त्यांनी कमरेची चंची सोडली, लवंग काढली आणि स्वतःच्या दाढेखाली धरली. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारले, आता बरे वाटतेय ना. त्यांच्या तोंडावर इतकी काळजी होती, की मी हो म्हणालो. खोटे बोललो असे मात्र म्हणवत नाही. दाढ दुखतच होती. पण मला एकट्याला दुखत नव्हती.

वाडीतल्या पोफळींवर चढून शिपुटे, म्हणजे सुपारीचे घड, उतरवणारा एक गडी होता. उतरवणीच्या दिवसांत तो वर चढण्यापूर्वी नानांना रोज नेमाने विचारी, "नाना, समद्यांचा जीव येकच हाय ना?"

"एकच."

"मंग आज तुमी चढा. मी खाली र्‍हातो नि 'जपून, जपून' म्हंतो."

नाना मनापासून हसत. पण तो खाली उतरून पाणी मागू लागला, की त्याच्या ओंजळीत ते वरूनच ओतत. मन एक होते. तांब्या एक नव्हता. या जागी नानांचा सिद्धान्त गावातल्या इतर सिद्धान्तांसारखाच होता, आणि मी तो विषय काढला तेव्हा पुढचे मला ठाऊकच आहे असे ते म्हणाले.

एका उन्हाळ्यात मुंबईहून एक स्वामी आले. नावामागे पदव्यांची इतकी मोठी रांग होती, की देवळात ओळख करून देणाऱ्याला मध्ये पाणी प्यावे लागले. सर्वत्र एकच चैतन्य भरून राहिले आहे, दुजेपणा हा भास आहे, असे स्वामींनी पुष्कळ वेळ सांगितले. मग स्वतःसाठी वेगळे आसन, वेगळी खोली आणि आपल्या माणसाने काढलेले वेगळे पाणी मागितले. नानांना लोकांनी पुढे केले. नाना म्हणाले, "तुम्ही सांगितलंत ते मला आधीच माहीत होतं. मला माहीत म्हणजे तुम्हाला माहीत, यांना माहीत. मग घसा कशाला सुकवलात?" स्वामींना हे आवडले नाही. सगळ्यांचे मन एकच असते तर ते नानांनाही आवडले नसते. पण ते अतिशय खुशीत होते.

आता ज्या पुराव्याने सुरुवात केली त्याकडे येतो.

नानांना एक थोरला भाऊ होता. तो शेजारच्याच वाडीत राहत असे आणि दोघांत बोलणे नव्हते. वडिलांनी वाडी दोघांत वाटली, मध्ये दगडांचा गडगा घातला, पण त्याच्या टोकाशी विहीर आणि रहाट एकच ठेवला. पाटही एकच, तो एका वाडीतून फिरून गडग्याखालून दुसरीत जाई. ज्याला सवड असेल त्याने बैल जुंपून पाणी ओढावे, ते दोघांनाही मिळेल, असे वडील सांगून गेले. नंतर भावांचे फाटले. कारण विचारले तर नाना फणसाच्या झाडाचे नाव घेत आणि थोरले वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी उच्चारल्या गेलेल्या एका शब्दाचे. तो शब्द कोणता, ते ते सांगत नसत.

म्हणजे पाहा: सवड असेल त्याने ओढायचे, आणि सवड कुणाला आहे हे एकमेकांना विचारायचे नाही. एवढे असून इतक्या वर्षांत कधी दोघे एका वेळी रहाटावर आले नाहीत, आणि कधी पोफळी तहानलेल्या राहिल्या नाहीत. थोरल्यांना ताप असला की नाना उठत. नानांकडे पाहुणे असले की थोरले उठत. दुपारी झोपेतच नानांना आतून जाणवे, की आज आपण. ते उठून बसत, तोंडावर पाणी मारत आणि मला म्हणत, "बघा मास्तर. तो तिकडे, मी इकडे. मधे गडगा. शब्द नाही. आणि तरीही..." पुढचे मला ठाऊकच होते.

ठाऊक मला जरा वेगळे होते. एका सकाळी शाळेत जाताना मी मागच्या बाजूने गेलो, तर गडग्याच्या पडलेल्या भागाशी काकू आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई, दोघी धुण्याचे पिळे खांद्यावर टाकून बोलत होत्या.

"आज तुमचे उठतील का? आमच्यांची कंबर धरलीय," थोरल्या बाई म्हणत होत्या.

"उठवते. तुमच्या नातवाचा खोकला कसा आहे?"

भावांचे भांडण होते, जावांचे नव्हते. त्यांना त्यात पडायला कुणी सांगितले नव्हते. रोज सकाळी रहाट कुणाचा ते त्या दोघी ठरवत. ज्या दिवशी आमच्याकडे असे, त्या दिवशी नानांची झोप पुरेशी झाली, की माजघरात काकू उखळात मुसळ घालून दणादण कांडू लागत. तिकडे मुसळाचे काम पितळेची घागर करी.

काकूंनी मला पाहिले होते. संध्याकाळी ताक वाढताना त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही काही पाहिलं नाहीत."

"नाही."

"कळलं तर उद्यापासून दोघे ओढायचे नाहीत. बायकांच्या मध्यस्थीने चालतंय म्हटल्यावर मान कुठे राहिला? शिवाय..." त्या थांबल्या. "यांना वाटतं भाऊ आत आहे. वाटू दे."

त्या दिवसापासून मी नानांच्या सिद्धान्ताकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. मन सगळ्यांचे एक असो वा नसो, त्यांना ते एकाच माणसाशी एक असायला हवे होते. उरलेल्या जगाला त्यांनी सोबत म्हणून घेतले होते.

पुढे एका वैशाखात थोरल्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेल्या, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्यापूर्वी परत येईन असे सांगून. आणि सर्वांचे एक मन बिघडले.

पहिल्या दिवशी काकूंनी अंदाजाने मुसळ घेतले. नाना उठले, वाडीत गेले आणि लगेच परत आले.

"का हो?"

"तो येत होता. मी वळलो. आज तो ओढणार."

थोरल्यांनीही झाडांतून नानांना येताना पाहिले होते, आणि आज हा ओढणार असे समजून तेही वळले होते. हे नंतर कळले. गावात वाडी तितके रहाट. दुपारभर त्यांची करकर चारी बाजूंनी येत असे आणि कोणता कुणाचा ते सांगता येत नसे. त्या आवाजात आपलाही रहाट आहे असे नाना समजले. पलीकडे थोरले तसेच समजले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्यानंतर तर दोघांनी घरातून उठायचेही सोडले. ओटीवर बसल्या बसल्याच, तो ओढतोय, असे प्रत्येकाला जाणवू लागले.

वैशाखात पोफळीला पाणी चुकले तर ती फार वाट बघत नाही. आणि नवी लावलेली पोफळ हाताशी यायला मूल शाळेत घालण्याइतकी वर्षे जातात. या घराची चूल सुपारीवर चालत होती. हे काकूंना माहीत होते, मला माहीत होते. नानांनाही माहीत होते, पण ते आळ्यांकडे बघत आणि म्हणत, "यंदा जमीन फार पिते."

एका दुपारी काकूंनी मला वाडीत नेले. पाटाकडेच्या पोफळीच्या आळ्यात मांजर निजले होते. आळे इतके कोरडे होते की मांजराच्या पाठीला धूळ लागली होती. वर झावळ्यांची टोके पिवळी पडली होती. नेहमीची हिरवी सावली विरळ झाली होती आणि तिच्यातून ऊन सरळ खाली येत होते.

"तुम्हीच ओढा आज," काकू घरी येऊन नानांना म्हणाल्या. "आत्ता. उठा."

"त्याची पाळी मी कशी ओढू? माझा त्याच्यावर विश्वास नाही असं होईल."

"मग निरोप धाडा. मास्तर जातील."

"निरोप?" नाना खरोखरच दुखावले. "निरोप परक्याला धाडतात."

काकूंना स्वतः जाऊन सांगता येत नव्हते. थोरला दीर, त्याच्यासमोर त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, बोलणे तर दूरच. मी जाऊन आलो. थोरले सुपारी कातरत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला नाही.

"मास्तर, तुम्ही शाळा बघा," ते म्हणाले. "त्याला काही सांगायचं असेल तर त्याला तोंड आहे."

मी हे परत येऊन काकूंना सांगितले. त्या माजघरात गेल्या, मुसळ उचलून ओटीवर आल्या आणि ते नानांच्या पुढ्यात आडवे ठेवले.

"हे तुमचं आतून जाणवणं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे हे. वैनी सकाळी सांगायच्या, मी दुपारी कांडायची, तुम्ही उठायचात. तिकडे त्या घागर आपटायच्या. आता त्या नाहीत म्हणून कुणालाच काही जाणवत नाही. इतकी वर्षं पोहे कांडतेय मी अहो. एवढे पोहे खाल्लेत का कधी या घरात?"

नाना मुसळाकडे बघत राहिले. मी उठून जायला हवे होते, पण उठलो असतो तर त्यांच्या लक्षात आले असते की मी बसलो होतो. चारी बाजूंनी लोकांचे रहाट करकरत होते.

"मग तो इतकी वर्षं..." नाना म्हणाले, आणि थांबले. या वेळी पुढचे मला ठाऊक आहे असे ते म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघतही नव्हते. "म्हणजे मी एकटाच होतो की काय?"

काकूंनी मुसळ उचलले आणि भिंतीशी टेकवून ठेवले.

थोड्या वेळाने नाना उठले. अंगावर पंचा टाकला आणि वाडीत शिरले. मी मागून गेलो. काकू पोफळींच्या आड थांबल्या. नाना गडग्याजवळ पोचले तेव्हा पलीकडे थोरले विहिरीत डोकावून बघत उभे होते. पाठमोरे. दोघांची मान मागून अगदी सारखी होती. हे मला इतक्या दिवसांत कधी दिसले नव्हते, कारण दोघांना मी कधी एकत्र पाहिलेच नव्हते.

नानांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. जो माणूस आयुष्यभर अर्धे वाक्य बोलून थांबला, त्याला पहिले अर्धे सापडेना.

"दादा," ते शेवटी म्हणाले.

थोरले वळले. "काय?"

"पाणी."

"मला वाटलं तू ओढतोस."

"मला वाटलं तू."

थोरल्यांनी पिवळ्या झावळ्यांकडे पाहिले, मग आपल्या बाजूच्या तशाच झावळ्यांकडे.

"म्हणजे दोघांना एकच वाटलं म्हणायचं," ते म्हणाले.

नानांनी वळून माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला होता. "ऐकलंत, मास्तर?" ते म्हणाले. "एकच वाटलं! एकाच वेळी, दोघांना! मधे गडगा!" मी तत्त्वज्ञानाची जी काही पुस्तके वाचली होती, त्यांतल्या एकातही याला उत्तर नव्हते. सिद्धान्त सिद्ध झाला होता. तो सिद्ध होताना वाडी जायची वेळ आली, इतकेच.

त्या दिवशी नानांनी आपला बैल आणला आणि थोरल्यांनी तो जुंपला. रहाट फिरू लागला. पाट कोरडा होता, त्यामुळे पाणी आधी नुसतेच जिरत गेले. मग हळूहळू पुढे सरकले, पहिल्या आळ्यात शिरले, गोल फिरले. मांजर उठून गेले. पाणी गडग्याखालून पलीकडे गेले तेव्हा थोरले तिकडून ओरडले, "आलं रे!" आणि नाना इकडून ओरडले, "आलं!" दोघेही आलेल्या पाण्याबरोबर आपापल्या बाजूने चालत निघाले. उतरत्या उन्हात पोफळींमधून दोन पंचे दिसत होते, लपत होते. मध्येच मला नाना कोणते आणि थोरले कोणते ते कळेना. मी डोळे चोळले नाहीत. काही गोष्टी नीट पाहिल्या की जातात.

कडेच्या काही पोफळी गेल्याच. बाकीच्यांनी जीव धरला. त्यानंतर दोघे रोज सकाळी गडग्याशी येत. "आज मी," नाना म्हणत. "बरं," थोरले म्हणत. किंवा उलट. काकू आतून ऐकत आणि मुसळाला हात लावत नसत. थोरल्या बाई शेवटच्या आगबोटीने परत आल्या, गडग्याशी उभ्या भावांना पाहून पिशवी तिथेच खाली ठेवली आणि जरा वेळ रस्त्यातच उभ्या राहिल्या.

मृग लागला आणि धो धो पाऊस सुरू झाला. वाडीला पाण्याची गरज राहिली नाही. रहाट सोडवून पडवीत टाकला गेला, आणि पाण्याखेरीज दुसरा विषय दोघांकडे नसल्यामुळे भावांचे बोलणे बंद झाले.